तफावत एक : खुलासा

मा. साहेब,
आपली नोटीस पोचली.
गंगावेशीतल्या त्या घरात कानात बिल्ला असलेल्या म्हशी दोन
आणि माझ्या तक्त्यात तीन.
तिसरी कुठून आली, अशी विचारणा आहे.
रीतसर सांगतो.

मी मूळचा अकोल्याकडचा. आमच्याकडे ढोरं म्हणतात.
फॉर्मवर पशुधन छापलेलं असतं.
त्या दारात मी पशुधन म्हणालो
तर गौराक्का बिडकर शेणाचे हात तसेच धरून
माझ्याकडे बघत राहिल्या,
मी धनच मागायला आल्यासारखं.
मग आतून पोरगं ओरडलं,
"अगं, जित्राबं किती, इचारत्यात!"

"आसं व्हय.
दोन म्हशी. एक रेडकू हुतं, त्ये इकलं.
आनि एक ह्यो."
हनुवटी पायरीकडे गेली.

पायरीवर बाळकू. वय पासष्ट, नात्यानं दीर,
कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त.
मोतीबिंदूची हिरवी पट्टी एका डोळ्यावर,
आठवडाभर वाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं,
म्हणून यानं म्हैसच दोन पायऱ्या खाली उभी केलेली
आणि वरून, अजिबात न वाकता,
तिच्या शिंगांना मोरपिसं बांधत होता.
पाडवा चार दिवसांवर होता, साहेब.
कानात बिल्ला नव्हता. बाळी होती.

मी तीन लिहिले.
हात कानाच्या हुकमात असतो कधीकधी.

चूक लक्षात आल्यावर शब्दाची चौकशी केली.
चहावाला म्हणाला, "जितं त्ये जित्राब. त्यात काय इचारायचं?"
तालमीतल्या वस्तादांनी एका पोराकडे बोट केलं,
दुखरा खांदा घेऊन तिसऱ्यांदा हौद्यात उतरत होतं.
वस्ताद शिव्या देत होते आणि खांद्याला तेलही तेच लावत होते.
शाळेच्या मोठ्या बाईंनी सातवीतल्या एका मुलीसाठी
"जित्राब आहे नुसतं!" असं दात आवळून म्हटलं
(ती गच्चीवरून पतंग काढून आली होती, शिपायाचा),
आणि लगेच हजेरीपटात तोंड घातलं.
पट हलत होता.

म्हणजे शिवी आहे, पण मिठी मारल्यासारखी.
लांबच्याला देत नाहीत.
आणि स्वतःला लावता येत नाही, हे मी करून पाहिलं.
लॉजच्या मालकाला म्हणालो, मीपण जरा जित्राबच आहे.
तो गल्ल्यावर हात टेकून पोटभर हसला.
"न्हाई साहेब. तुमी मानूस हायसा."

आणखी एक नोंद.
त्याच आठवड्यात शेजारच्या बोळात एक जण वारला,
म्हणे आयुष्यभर गल्लीला झोपू दिलं नाही, हलगी वाजवायचा.
ओट्यावर बसलेले सगळे म्हणत होते,
लई चांगला मानूस हुता.
त्या दिवशी लॉजवर मी उशिरा परतलो.

पाडव्याला सुट्टी होती तरी गेलो.
गुलाल, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली,
आणि सगळ्यांच्या पुढं हिरव्या पट्टीचा बाळकू धावतोय,
मागं म्हैस, दाव्याशिवाय,
नुसत्या त्याच्या हाकेला बांधलेली.
दोघांत कोण कुणाला पळवतंय ते कळेना.
गौराक्का कठड्यावरून ओरडत होत्या,
"डोळा सांबाळ रं, जित्राबा!"
म्हशीनंच वळून पाहिलं.

तरी आकडा दुरुस्त करायचाच असेल तर
तपासणीला आपण स्वतः यावं, पहाटे साडेपाचला, कट्ट्यावर.
तो समोर धार काढून फेसाचा ग्लास पुढं करील,
आपण नको म्हणाल, तो ऐकायचा नाही.
मिशीला फेस लागेल.
तो पुसून झाला की तिनाचे दोन
आपण आपल्या हातानं करावेत.

सोबत व्हाइटनर जोडलं आहे.