कै सडिल बिडी

निपाणीहून पहिल्या गाडीनं आलेली शालन मगदूम
टेबलावर उजवा हात उताणा ठेवते,
उसना आणलेल्या भांड्यासारखा.
अंगठ्याखालच्या उंचवट्यावर मी चिकटपट्टी लावते,
मनगटावर दोन टोकांचा चिमटा टेकवते.
मागून डॉक्टर कानडीत म्हणतात,
कै सडिल बिडी.

ती हसते. "बिडीच वळंना झालीया वो,
म्हणून तर आलो मी."

सांगते तिला, त्यांच्यात बिडी म्हणजे सोडा.
हात सैल सोडा.
"ठावं हाय की. सुटत न्हाई, त्येचंच तर दुखणं."

बटण दाबते.
अंगठा टुणकन उडतो.
"अगंबाई! मी न्हाई हलीवला."
तुम्ही नाहीच, मावशी.
आणि एकदा करा, म्हणते,
आपलाच अंगठा शेजारणीच्या पोरासारखा बघत.

पडद्यावर रेघ सपाट चालते, चालतच राहते,
मग उशिरा एक टेकाड.
साडेसहा मिलिसेकंद. चारच्या आत यायला हवं होतं.
मनगटात एक बोगदा असतो,
तीस वर्षांच्या रोजच्या हजारीनं तो आवळलाय;
रात्री दोनला उठून ती हात झटकते
तो त्याचसाठी.
आज हत्तरगीला टोलनाक्यावर गाडी थांबली म्हणाली,
तसंच काहीसं. निरोप पोचतो,
पण पोचतो तो काठापर्यंत.

कारण नस संपते तिथं स्नायू सुरू होत नाही.
मध्ये फट आहे, केसाहून हजारपटींनी बारीक,
आणि विजेला ती ओलांडता येत नाही.
काठावर ती विझते. विझताना एक दार उघडते,
कॅल्शियम आत शिरतं,
इवल्या पिशव्या फुटतात, रस सांडतो,
पलीकडच्या कुलपांत जाऊन बसतो,
आणि तिकडं पुन्हा वीज. ही दुसरी, स्नायूची स्वतःची.
मला याचं नवल वाटत नाही.
सकाळपासून मीही तेच करते :
अर्ज कानडीत, दुखणं मराठीत, मशीन इंग्रजीत.

नवल त्या कुलपांचं.
त्यांचं नाव निकोटिनवरून पडलंय,
तंबाखूची किल्लीही त्यांत बसते म्हणून.
मांडीवर सूप घेऊन जन्म काढलेल्या बाईच्या
अंगठ्यात अशी लाखो कुलपं.
हे तिला सांगावं की नाही, ठरत नाही.
नाही सांगत.

आणखी आत धागे, जाड आणि बारीक.
जाडाला हात फुटलेले. ते बारकाला धरतात, वाकतात,
सोडतात, पुढं धरतात.
धागा आखडत नाही, नुसता सरकतो,
आणि त्यालाच आपण पान वळणं म्हणतो,
पदर सावरणं म्हणतो, चापट म्हणतो.
स्नायूला ढकलता कधी येतच नाही.
ओढणं एवढंच ठाऊक.

शिकताना एका गोष्टीपाशी मी पान उघडं ठेवून बसले होते :
सोडायलाही इंधन लागतं.
ते संपलं की धरलेलं धरलेलंच राहतं.
आमच्या थोरल्या आत्याची मूठ उघडायला तिघं लागले होते,
तेव्हा मला वाटलं होतं, आत्या हट्टी.

"झालं?"
झालं, मावशी. रिपोर्टला अर्धा तास.
"छाट लई निघायलीया. कारकून म्हणतोय, हात गेला तुझा.
गेलाय काय?"
गेला नाही. उशीर होतोय त्याला.
"उशीर तर काय, सगळ्यालाच," ती उठते.

दाराच्या काचेतून दिसते बाकावर बसलेली.
मी दिलेली नंबराची चिठ्ठी तिच्या बोटांत.
ती समोरच्या भिंतीवरची कानडी पाटी बघत्येय,
तिला वाचता न येणारी,
आणि बोटं आपली आपण
चिठ्ठीचं टोक दुमडतात, गोल वळतात,
नखानं तोंड आत खोचतात.

माझा हात बटणावर नाही.