शिंजीर बोलतोय म्हणे

दुर्बीण महूच्या जुन्या बाजारातली,
कुण्या सुभेदाराची. डाव्या भिंगाला बुरशी,
म्हणून माझ्या प्रत्येक पक्ष्याच्या डाव्या अंगाला
थोडं धुकं असतं.
तेवढं वजा करून वहीत लिहिते.

वजाबाकीचा हात बसलेला आहे.
वीज मंडळात एकतीस वर्षं
मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक.

माघ उतरताना सिरपूरच्या पाण्यावर
चक्रवाक होते बावीस.
पुढच्या रविवारी चौदा. मग पाच.
मग नुसतं पाणी,
आणि काठावर एक टिटवी, सगळ्यांवर चिडलेली.
फरक : सगळे.

बद्रीलाल चौकीदार त्यांना सुरखाब म्हणतो,
आमचे अण्णा चक्रवाक म्हणायचे,
पुस्तकात तिसरंच काही.
"गए बाई, अब दिवाली बाद,"
बद्रीलाल सांगतो, जसे काही
त्याच्याकडे किल्ली ठेवून गेलेत.

रंगपंचमीनंतरचा रविवार.
गेरीचा रंग माझ्या कानामागे उरलेला,
नखं अजून जांभळी.
बांधावर म्हशींच्या मागे मागे गायबगळे,
माथ्यापासून मानेपर्यंत केशरी.
क्षणभर वाटलं, यांनाही राजवाड्यावर
कुणीतरी टँकरच्या पाइपाखाली गाठलं.
वहीत लिहिलं : विणीचा रंग.
खाली बारीक अक्षरात : माझा जाईल, यांचा राहील
श्रावणापर्यंत.

सावरीवर भोरड्यांची झुंबड, काय तो कलकलाट,
फुलं पडतात ती सरळ धप्प,
पाकळी-पाकळीचं नाजूक काम नाही.
एक फूल बद्रीलालच्या चहात पडलं.
त्यानं ते काढलं आणि चहा प्यायला.

त्याची नात तन्नू, तिसरीतली,
पुढचे दोन दात नाहीत.
माझ्या दुर्बिणीची रांग धरून उभी,
रांगेत एकटीच.

पांगाऱ्याच्या लाल शेंड्यावर शिंजीर दिसला.
नर. ऊन पडलं की निळा, नाहीतर शाईचा ठिपका.
चोच उघडली. मिटली. उघडली.
गळ्यावरची पिसं थरथरत होती.
मी म्हटलं, आज गप्प आहे गं हा.
तन्नूनं दुर्बिणीतून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं,
आजारी माणसाकडे पाहतात तसं.
"चुप कहाँ है? कब से तो चिल्ला रहा है."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दिला.
इथपर्यंत ठीक, म्हणाल्या, आणि इथून
रेघ खाली, रालामंडळच्या टेकडीवरून
घसरल्यासारखी.
तांबट आहे. भारद्वाज आहे. कोकिळा तर आहेच,
तिच्यापासून सुटका नाही.
वरचे गेले. बारीक गेले.

घरी येऊन मागच्या वह्या काढल्या.
गेल्या चैत्रात : शिंजीर, दिसला, ऐकला.
त्याच्या आदल्या : दिसला, ऐकला.
कुठल्या वर्षी खरंच ऐकला होता?

मीटर बंद पडलं की आम्ही सरासरी लावायचो.
मागच्या तीन महिन्यांची बेरीज, भागिले तीन.
ग्राहक भांडायला यायचे खिडकीशी,
"बाई, घरात महिनाभर दिवाच नव्हता लावला."
मी म्हणायचे, कागदावर जळलाय.

या रविवारी परत गेले.
शिंजीर तिथेच, मादी घरट्याला
कोळ्याचं जाळं डकवत होती.
तन्नूला विचारलं, कसा बोलतो नीट सांग.
तिनं खूप विचार केला, दातांच्या फटीत जीभ घातली.
"बिना तेल की साइकिल. पर नई वाली."
मग स्वतःच करून दाखवलं,
त्यात फटीतून थोडी थुंकी आली, थोडी हवा,
आणि तेवढं मला ऐकू आलं.

वहीत रकाना वाढवला आहे.
शिंजीर, नर-मादी. सकाळी सात वीस.
दिसला : मी.
ऐकला : तन्नू केवट.