रिकामं पारडं

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
गुलटेकडीचा भुसार बाजार, मंडई, बोहरी आळी,
खडकीतले भंगारवाले.
वजनाच्या बुडाशी शिशाचा डोळा असतो,
त्यात वर्षाचा शिक्का ठोकायचा.
एवढंच माझं खगोलशास्त्र.

भाची शर्वाणी गणेशखिंडीतल्या संस्थेत असते.
रविवारी येते, धिरड्याची ताटली बाजूला सारते,
विजेच्या बिलाच्या पाठीवर मला समजावते:
जे दिसतं त्याच्या पाचपट आणखी काहीतरी आहे मामा,
चमकत नाही, सावली पाडत नाही,
फक्त वजन आहे.
म्हटलं, बाई, हा तर आमच्या खात्याचा गुन्हा.

हसली. म्हणाली, सुरुवातीला उजेडसुद्धा अडकून पडला होता,
पावणेचार लाख वर्षं,
जकात नाक्यावर ट्रक अडकावेत तसा.
त्याआधीचं डोळ्यांना मिळायचंच नाही.
पण तेव्हा जागाच हलली असेल
तर तिची लाट पावती न फाडता निघाली,
अजून चालतेच आहे,
या टेबलातून, तुमच्या चष्म्यातून.
त्या न दिसणाऱ्यानं तिला धक्का दिला असेल
तर वळ तिच्या अंगावर असेल.

कितीशी हलते जागा?
तिनं दोन बोटं जवळ आणली, आणखी जवळ,
मग हात खालीच घेतला.
सापडलं काही?
दूरच्या ताऱ्यांचे ठोके मोजतोय, म्हणाली,
कुणाचा लवकर येतो, कुणाचा उशिरा.
गुरगुर आहे. कुणाची, ते सांगता येत नाही.

मला सदुसष्ट नंबरचा गाळा आठवला.
गुळाचा व्यापारी. शिक्के ताजे, वजनं चोख.
पारड्याखाली हात फिरवला, चुंबक नाही, मेण नाही.
पण ढेप उचलली की काटा परतताना
एकदा अडखळायचा,
आत कुणी असल्यासारखा.
बाहेर जीपमधून साहेब हॉर्न देत होते.
वहीत लिहिलं, बरोबर.

बावीस वर्षांनी हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं.
तिनं पेन्सिल उचलली.
दर वेळी तेवढ्याच वेळानं अडखळायचा?
ते मी मोजलं नव्हतं.

ती गेल्यावर माळ्यावरचा तराजू काढला, पुसला,
दोन्ही पारडी रिकामी ठेवून समोर बसलो.
रस्त्यानं पीएमटी गेली, काटा थरथरला.
ती वजा करायची, शर्वाणी म्हणते.
वजा केली.
वरच्या मजल्यावरचं मिक्सर वजा केलं,
माझा श्वासही, जमेल तेवढा.
काटा अजून
शून्यावर आलेला नाही.