सांगावा

टार्टू. फेब्रुवारी. पहाटेचे साडेतीन.
काचेच्या घुमटाखाली उंदराची फुप्फुसं,
दोन्ही मिळून जर्दाळूएवढी,
उंदराशिवाय श्वास घेतायत.
मारिका नळीत सोडते इंटरल्यूकिनचे चार थेंब:
आग लागलीय, धावा,
अशी प्रथिनात लिहिलेली बोंब.

दर दहा मिनिटांनी पलीकडून नमुना.
बोंब बारीक होत जाते.
नळीला चिकटली म्हणावी, तर धुतल्यावर निघाली असती.
नाही; पेशींनीच ती आत ओढली,
आंबट कप्प्यात नेऊन कडी लावली
आणि उसवली, टाका न् टाका,
सुटी अमिनो आम्लं उरेपर्यंत.
त्यांना आता काही म्हणायचं नसतं.
त्यांतून काहीही पुन्हा लिहिता येईल.

एल्मार, तिच्या आईचा मामा,
खेड्यातल्या टपालघरात कारकून होता.
मारिकानं त्याला पाहिलेलं नाही.
आई त्याचा खोकला करून दाखवायची.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात थैलीतून यायच्या
बिनसहीच्या चिठ्ठ्या:
अमक्याच्या गोठ्यात रात्री जंगलातली माणसं जेवतात.
तमकीनं पोराचे बूट दोन नंबर मोठे घेतले, कुणासाठी?
अक्षर तो ओळखायचा. शेजारचंच असायचं.
वाफेवर उघडायचा, वाचायचा, चुलीत सारायचा.
चूल विझलेली असली
तर चावून गिळायचा.
ती पेन्सिल थुंकी लागली की जांभळी व्हायची;
म्हणून दिवसभर तोंड मिटून,
जेवतानाही भिंतीकडे तोंड.

सगळ्या नाही गिळता यायच्या.
थैली रिकामी गेली असती तर विचारणा झाली असती.
काही पुढे जाऊ द्यायचा.
कुठल्या, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.
मार्चमध्ये स्टेशनात मालगाडी उभी राहिली,
गुरांचे डबे,
आणि एल्मार फलाटावर गेला नाही.

गुपितं पोटात राहतात म्हणे.
त्याची वर चढली असावीत.

पावणेपाचला ती मात्रा दुप्पट करते.
फुप्फुसं ओढतात, ओढतात,
मग काट्यावर जड व्हायला लागतात,
कडेनं लालसर, ओलसर;
जे विझवत होती त्याचीच धग लागलेली.
पडद्यावरची रेघ खाली येते
पण शून्याला टेकत नाही.

प्रोफेसर म्हणतील, क्षमता संपली.
मारिका वहीत लिहिते:
बावीस टक्के पुढे गेले.
पेन खाली ठेवते. पुन्हा उचलते.
कुठले, असं लिहून
खोडते.