पुढचं

बालमणीनं बिडी कार्डाची जुनी वही काढली.
मागची सतरा पानं कोरी होती.
"फुकट कशाला घालवायची," म्हणाली,
आणि वर एकच शब्द लिहिला: पुढचं.

मी चौतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर.
धागा तुटला की माग थांबवायचा,
गाठ मारायची, पुन्हा चालू.
मला वाटायचं, म्हातारपणही तसंच,
तुटेल तेव्हा बघू.

पहिलं पान पाण्याचं.
पाचव्या दिवशी येतं, रात्री कधीही.
दोन पिंपं, अकरा घागरी, मोरीतला हौद.
घागर आता तिच्याच्यानं अर्धीच उचलते,
माझ्याच्यानं उचलते, पण नंतर मी दोन दिवस उठत नाही.
तर वीस फुटी पाईप, आणि समोरच्या मेहरूनचा नातू वसीम,
महिना दोनशे.
मी म्हणालो, पोरगा घरचाच आहे, असंच भरेल.
"मजुरीच ठेवा. उपकाराला रोज कोण येतंय?"

मग किल्ली.
एक आपल्याकडं, एक मेहरूनकडं,
एक दुडमच्या किराणा दुकानात, गल्ल्याच्या मागच्या खिळ्याला.
साडेसातपर्यंत दारात सडा पडला नाही
तर दार वाजवायचं.
दोनदा वाजवून कुणी आलं नाही
तर कुलूप उघडायला लाजायचं नाही.
हे तिनं अधोरेखित केलं,
हजार बिड्यांचा कट्टा मोजून झाल्यावर रेघ ओढायची तसं.

लिंबाद्री पुण्यात नवव्या मजल्यावर.
"अप्पा, लिफ्ट आहे, कमोड आहे, या."
गेलो होतो. वीस दिवस.
पोराचं काही चुकलं नाही, सुनेचंही नाही.
पण ही दुपारभर खिडकीशी उभी राहून खाली बघायची.
"इथं पडले तर कोण ओरडंल,
जॉबराची बायको पडली म्हणून?"

तिसऱ्या पानासाठी दस्तगीर गवंडी आला.
मोरीत स्टीलची दांडी, खरबरीत फरशी,
आणि उंबरा.
गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिच्या वॉकरची चाकं तिथंच अडतात.
साडेतीन इंच, दस्तगीरनं टेप लावून सांगितलं.
एकेचाळीस वर्षं दर शुक्रवारी हळद लावलेलं लाकूड.
मला वाटलं, ही भांडणार.
ती म्हणाली, "काढ."
आणि मी, ज्यानं त्या हळदीला कधी नमस्कार केला नाही,
मीच विचारत बसलो:
उतार नाही का करता येणार? बाहेरून? आतून?
"काय बघूलालात? हातोडा द्या त्याला."

शेवटच्या पानाला मधोमध रेघ.
डावीकडं: मी नसताना.
ते तिनंच भरलं, बारीक अक्षरात.
गॅस आधी खालून बंद. निळी गोळी जेवणानंतर, आधी नाही.
कडक भाकरी आठवडा टिकते, शेंगाचटणी दुडमकडं मिळते, उधारी करू नका.
दिवसातून एकदा तरी दारात बसा. कुणाशी तरी भांडा.

उजवीकडं: तुम्ही नसताना.
पेन माझ्या हातात देऊन ती झोपली.

तीन दिवस झाले.
घागर लिहिलं, खोडलं, त्याला वसीम आहे.
पेन्शनचं पासबुक लिहिलं, तिला माझ्याआधी माहीत.
वरच्या फळीवरचा डबा लिहिला.
डबा खाली घेतला.
एवढाच होतो मी या घरात,
एका फळीच्या उंचीचा?

रात्री दोन वीसला पाणी आलं.
तिची चाकं दाराकडं गेली,
आणि उंबऱ्यावर जी खट व्हायची ती झाली नाही.
ती बाहेर गेली हे मला कळलंच नाही.
उठून बसलो. अंधारात वही चाचपली.
उजवीकडं लिहिलं:
वसीमला उठवल्याशिवाय एकटीनं बाहेर जायचं नाही.
मग वाटलं, हे मी असतानाचंच आहे.
खोडलं नाही.

बाहेरून आवाज आला,
"जागे आहात तर पाईप धरा की!"