अठ्ठ्याहत्तर मिली

तेरा किलोच्या मुलीला एका श्वासात किती हवा द्यायची?
किलोमागे सहा. केसपेपरच्या पाठीवर मी हिशेब दोनदा केला.
अठ्ठ्याहत्तर.
सिव्हिलच्या गेटवरचा हाफ चहासुद्धा
याहून थोडा जास्त भरतो.

हंसिका दुस्सा, वय चार. दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया.
एक्स-रेवर फुप्फुसांच्या जागी
दाबून भरलेला कापूस.

पहिल्या रात्री मी वाढवत गेले.
सॅच्युरेशन उतरलं, वाढव.
कार्बन डायऑक्साइड चढला, वाढव.
प्रेशर बत्तीस. छाती वर यायची
कुणीतरी खालून ढोसल्यासारखी.
पहाटे आकडे बरे झाले.
मुलगी नाही.

बागवान मॅडम आल्या, सहेरी उरकून, डोळे चुरचुरत असलेल्या.
स्क्रीन पाहिलाच नाही. छातीकडे पाहत राहिल्या बराच वेळ.
"हे कुणासाठी चाललंय? तिच्यासाठी, की आठच्या राउंडसाठी?"
आणि नॉब उलटा फिरवला.
अठ्ठावीस. सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी.
"एवढ्यावर जगतं लेकरू.
आकडा देखणा दिसावा म्हणून आतून फाडू नको."

मला बेड तीन आठवला.
गेल्या महिन्यातला, बार्शीचा.
त्याला मी असंच वाढवत वाढवत नेलं होतं,
आणि एका दुपारी उजव्या बाजूने हवा फुटली.
त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

तर, हात मागे बांधून उभं राहणं.
कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.
बाहेर एप्रिल, भिंतीला हात लावला तर भाजावं असा,
आत एसी गळतोय बादलीत,
आणि मी काहीही न करण्याचं काम
तासातासाला चार्टवर लिहितेय.

तिचा बाप नागेश, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागांवर.
वीस वर्षांच्या खडखडाटात कान अर्धे गेलेले.
अलार्म त्याला ऐकू येत नाही.
भेटीच्या वेळेत तो तळहात मशीनच्या अंगाला लावून उभा राहतो.
"काल जोरात होतं, मॅडम. आज हळू चाललंय. बिघडलं काय?"
मी ओरडून सांगितलं, अख्ख्या वॉर्डला कळेल असं:
"मुद्दाम हळू केलंय!"
त्याने थोडा विचार केला.
"ताण सोडला म्हणा की."
आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन झोपला,
तीन दिवसांत पहिल्यांदा.

चौघांनी मिळून तिला उपडी केलं, नळी सांभाळत.
छातीखाली त्यानेच आणलेले टॉवेल,
सेकंड क्वालिटीचे, काठाला तार सुटलेले.

सहाव्या रात्री एकोणऐंशी.
माझा हात नॉबवर गेलाच.
"आधी सक्शन," सिस्टर येमूल म्हणाल्या, मान वर न करता.
पिवळा, घट्ट, बोटाच्या पेराएवढा गोळा आला.
सत्त्याऐंशी.
मी नॉबवरचा हात अॅप्रनला पुसला, उगीच.

अकराव्या दिवशी नळी काढली.
खोकली, रडली, आणि रडण्याला आवाज नव्हता,
नुसती हवा.
मग ओठ हलले. मला ऐकू आलं: निळं.
मी झटकन ओठ पाहिले. नखं पाहिली. मॉनिटर त्र्याण्णव.
निळं कुठेच नव्हतं.
पुन्हा तेच.

ज्याला अलार्म ऐकू येत नव्हता
त्याने दारातूनच ओठ वाचले.
मागांच्या आवाजात माणसं तशीच बोलतात एकमेकांशी.
"नीळ्ळू म्हणतीय, मॅडम. तेलुगूत. पाणी."

पाणी इतक्यात द्यायचं नसतं.
गॉज भिजवला, पिळला, ओठाला टेकवला.
तिने तो दातांत धरला
आणि सोडेचना.