टोल

हार्लिंगनच्या बंदरामागे येल्त्येचं दुकान.
तळाच्या खोक्यात, भरती-ओहोटीच्या तक्त्यांखाली
तळहाताएवढं पुस्तक,
खाऱ्या हवेनं फुगलेल्या पुठ्ठ्याचं.
विब्रेन टोल्स्मा : दोन-दोन ओळी.
प्रती दीडशे.

"कोण हा?"
येल्त्येनं खांदे उडवले. "साडेचार युरो."

शेवटच्या पानावर छापखानदार सांगतो :
कवी कालव्यावरचा पूल उघडतो.
होडी आली की गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडतो,
नाणं पडलं की वर ओढतो.
मधल्या वेळात लिहितो.
तिसरी ओळ सुचेपर्यंत होडी गेलेली असते.

छापखाना एरवी लिलावांचा, मयताच्या चिठ्ठ्यांचा.
त्या हिवाळ्यात माणसं भराभर गेली.
आमच्याकडे 'विधवा' लिहायला डब्ल्यू दोन लागतात,
सगळे खिळे तिकडेच अडकले.
म्हणून टोल्स्माच्या ओळींत धाकटे एम उलटे लावलेत.
अजून तसेच आहेत,
पाय वर करून, बाजारातल्या बदकांसारखे.

*पाद्रीबुवांनी बुटात आशीर्वाद टाकला.
वर ओढताना बूट हलका लागला.*

*श्रीमंताच्या शिडासाठी अख्खा पूल उठतो.
गरीब मान वाकवून जातो. टोल तेवढाच.*

*माझ्या दगडावर नाव नको, दर कोरा :
दोन सेंट. सुटे नसतील तर तसेच जा.*

एकतिसाव्या पानापर्यंत कुणीतरी पानं सोडवलीत,
चाकूनं नव्हे, बोटानं, घाईघाईत.
तिथे हेरिंगचा एक खवला चिकटलाय,
नखाएवढा, अजून चकाकतो.
पुढची पानं जुळीच, शंभर वर्षं.

मी टेर्स्खेलिंगच्या फेरीवर तिकिटं तपासते.
आता बूट नाही, हातात यंत्र असतं,
ते टुक करतं, माणूस आत जातो,
मी त्याचा चेहरा बघतेच असं नाही.
परवा दुपारी फेरी रिकामी होती.
कॅन्टीनमधली लोण्याची सुरी आणली,
घडीत सरकवली,
कागद कुरकुरला, जुन्या दारासारखा.

बत्तिसाव्या पानावरची ओळ साधारणच निघाली.
वाऱ्याबद्दल काहीतरी. यमकही ओढूनताणून.
मला उगाच त्याची बाजू घ्यावीशी वाटली :
होडी लहान असेल,
किंवा त्या दिवशी कुणी थांबलंच नसेल.

सुरी पुढच्या घडीत घातली
आणि भोंगा झाला.
धक्का आला होता.
दोर टाकायला उठले.